शोध १९६३ सालीच लागला होता

(पोस्ट मोठी आहे. विज्ञानाच्या बातम्या नेमाने वाचणाऱ्यांनी, विशेषतः विद्यार्थ्यांनी, वेळ काढून वाचावी ही विनंती.)

मार्च महिना आला की क्षयरोगाच्या बातम्यांना भरती येते. २४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये क्षयाच्या जंतूचा शोध जाहीर केला. तो दिवस जागतिक क्षयरोग दिन म्हणून पाळला जातो आणि त्याच्या आगेमागे देशभरच्या विज्ञानवार्तांत एकाच साच्याचे मथळे झळकू लागतात. हातात मावणारे क्ष-किरण यंत्र, छातीची प्रतिमा क्षणात वाचणारी कृत्रिम बुद्धिमत्ता, नवी लस, नवा रेणू, नवी चिप. मथळ्यात 'क्रांतिकारी' हा शब्द असतो, 'स्वदेशी' असतो, आणि शेवटच्या परिच्छेदात 'क्षयमुक्त भारत' असतो.

क्षयमुक्तीची मुदत आपण स्वतःच ठरवली होती. मार्च २०१८ मध्ये दिल्लीच्या परिषदेत पंतप्रधानांनी २०२५ हे वर्ष जाहीर केले. जगाने मान्य केलेल्या मुदतीच्या पाच वर्षे आधीचे. राष्ट्रीय आराखड्यात त्याचा आकडाही नोंदवलेला होता: वर्षाला दर लाख लोकसंख्येमागे ४४ नवे रुग्ण. २०२५ साल सरले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार भारतात हे प्रमाण २०१५ साली २३७ होते आणि २०२४ साली १८७ होते. म्हणजे २१ टक्के घट. जगाची याच काळातली घट १२ टक्के आहे, तेव्हा ही कामगिरी क्षुल्लक नाही आणि तिची टिंगल करण्याचा माझा हेतू नाही. परंतु ४४ आणि १८७ यांच्यातले अंतर कोणत्याही मोजपट्टीने किरकोळ म्हणता येणार नाही. पूर्ण बरा होणाऱ्या या रोगाने आपल्या देशात अजूनही वर्षाला सुमारे तीन लाख माणसे मरतात.

माझे म्हणणे थोडक्यात असे. क्षयरोगाबाबत भारतीय भूमीवरच्या संशोधनाने जगाला दिलेले सर्वांत मोलाचे निष्कर्ष यंत्राचे किंवा रेणूचे नाहीत. उपचार माणसापर्यंत कसा पोहोचतो आणि वाटेत कुठे सांडतो, याविषयीचे ते निष्कर्ष आहेत. आपली विज्ञानवार्ता त्यांना विज्ञान मानायला तयार नाही. ती त्यांना 'अंमलबजावणी' नावाच्या अडगळीच्या खोलीत टाकते, आणि या वर्गवारीची किंमत रुग्ण मोजतो.

हे लिहिणारा यंत्रांचा द्वेष्टा आहे असे कोणी समजू नये. माझी पदवी भौतिकशास्त्रातली, आणि मोजमापाची साधने हाच माझा रोजचा व्यवसाय. 'ट्रूनॅट' या चाचणीची रचना मी प्रथम समजून घेतली, तेव्हा मला निखळ आनंद झाला होता. बेंगळुरूच्या बिगटेक प्रयोगशाळेत ती विकसित झाली आणि गोव्याच्या मोलबायो कंपनीने ती बाजारात आणली. जंतूच्या डीएनएच्या प्रती वाढवण्यासाठी नमुना पुनःपुन्हा तापवावा आणि थंड करावा लागतो. त्यासाठी एरवी वातानुकूलित खोली आणि खंड न पडणारी वीज लागते. या यंत्रात ते काम एका लहानशा चिपवर, बॅटरीवर होते आणि तासाभरात उत्तर मिळते. औषधाला दाद न देणारा जंतू आहे का, हेही पुढच्या चिपवर कळते. २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेने या चाचणीची शिफारस केली. उपकरणशास्त्र म्हणून हे काम अव्वल दर्जाचे आहे, आणि त्याची बातमी झालीच पाहिजे. माझा आक्षेप बातमी तिथेच संपते याला आहे.

आता मथळ्यातल्या शोधाकडे येतो.

१९५९ साली बेंगळुरूत बेल्लारी रस्त्यावर राष्ट्रीय क्षयरोग संस्था स्थापन झाली. देशासाठी क्षयनियंत्रणाचा कार्यक्रम आखणे हे तिचे काम. त्या काळी तज्ज्ञांमध्ये सरसकट मान्य असलेली समजूत अशी होती, की ग्रामीण माणूस अडाणी आहे, त्याला खोकल्याचे गांभीर्य कळत नाही, म्हणून तो दवाखान्यात येत नाही. तेव्हा गाड्यांतून क्ष-किरण यंत्रे गावोगाव नेऊन रुग्ण हुडकले पाहिजेत. ही समजूत होती, गृहीतक होते. कोणी ते तपासलेले नव्हते. संस्थेतले समाजशास्त्रज्ञ डी. बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी ते तपासले. शेजारच्या तुमकूर जिल्ह्यातल्या गावांमध्ये ज्यांना फुप्फुसाचा क्षय असल्याचे पाहणीत आढळले, त्यांना भेटून साधे प्रश्न विचारले: तुम्हाला काही त्रास जाणवतो का? त्याची काळजी वाटते का? त्यासाठी तुम्ही काय केले?

१९६३ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बहुतेक रुग्णांना लक्षणांची जाणीव होती. त्यांतल्या बहुतेकांना काळजीही वाटत होती. आणि निम्म्याहून अधिक रुग्ण आधीच सरकारी दवाखान्यात जाऊन आलेले होते. तिथे त्यांची थुंकी तपासली गेली नव्हती. खोकल्याच्या औषधाची बाटली देऊन त्यांना घरी पाठवले होते.

विद्यार्थी मित्रांनो, या निष्कर्षाचे मोल क्षणभर थांबून पाहा. संपूर्ण यंत्रणा ज्या गृहीतकावर उभी राहणार होती, ते गृहीतक दोन संशोधकांनी प्रश्नावली आणि काटेकोर नमुनानिवड यांच्या बळावर उलटे केले. रुग्ण येत नाही हा प्रश्नच नव्हता; आलेल्या रुग्णाला व्यवस्था ओळखत नव्हती. यातून निघालेले उत्तर स्वस्त होते: खोकला घेऊन जो स्वतःहून येतो, त्याची थुंकी जवळच्या साध्या दवाखान्यातच सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. १९६२ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमाची मांडणी याच विचारावर झाली. निरीक्षणाने गृहीतक मोडणे यालाच आपण विज्ञान म्हणतो. पण 'भारतीय विज्ञानातले महत्त्वाचे शोध' अशा किती याद्यांमध्ये तुम्ही हा शोध वाचला आहे?

साठ वर्षे झाली, आता चित्र बदलले असेल, असे कोणाला वाटेल. मी इलेक्ट्रॉनिक सिटीत राहतो. आमच्या इमारतीच्या फाटकावर रात्रपाळीला असणारे एक गृहस्थ बीदर जिल्ह्यातले आहेत; मराठी बोलतात, म्हणून आमची ओळख. मी त्यांना मामा म्हणतो, ते मला कितीही सांगितले तरी साहेबच म्हणतात. दिवाळीनंतर त्यांना खोकला लागला. "धुळीनं होतंय साहेब, जाईल," असे ते म्हणत राहिले आणि मीही, विज्ञान शिकलेला माणूस, मान डोलावत राहिलो. पुढच्या चार महिन्यांत त्यांनी खोकल्याच्या तीन बाटल्या संपवल्या: एक औषधाच्या दुकानातून परस्पर घेतलेली, दोन निरनिराळ्या दवाखान्यांतून मिळालेल्या. थुंकी तपासा, असे तिन्ही ठिकाणी कोणी म्हणाले नाही. रक्त पडले तेव्हा तपासणी झाली. क्षय निघाला आणि रक्तातली साखरही बरीच वाढलेली निघाली. मधुमेह आहे हे त्यांना तोवर ठाऊकच नव्हते. औषध सरकारी, फुकट आणि उत्तम मिळाले. आता वजन परत येते आहे. परंतु ते चार महिने एका खोलीत बायको आणि दोन मुलांसह ते झोपत होते.

म्हणजे यंत्र होते, औषध होते, पैसेही लागणार नव्हते. तुमकूरच्या गावकऱ्याला मिळालेली तीच बाटली मात्र मधे उभी होती.

एका माणसाच्या गोष्टीवरून निष्कर्ष काढू नये, हे मान्य. म्हणून आकड्यांकडे वळतो. २०१६ साली रामनाथ सुब्बरामन आणि सहकाऱ्यांनी 'प्लॉस मेडिसिन' या नियतकालिकात भारताच्या सरकारी क्षयसेवेचा २०१३ सालचा हिशेब मांडला. देशातले क्षयरुग्ण १०० धरले, तर सरकारी कार्यक्रमाच्या तपासणीपर्यंत ७२ पोहोचले. त्यांपैकी ६० जणांचे निदान झाले. उपचारासाठी ५३ जणांची नोंद झाली. उपचार ४५ जणांनी पूर्ण केला. आणि वर्षभरानंतर रोग न उलटता जिवंत होते ३९. (न पोहोचलेल्यांपैकी काही जण खासगी डॉक्टरांकडे गेले असतील, तिथल्या उपचारांची पुरती नोंद त्या काळी होत नसे.)

आता विज्ञानवार्तेच्या नजरेने या साखळीकडे पाहू. समजा उद्या असे यंत्र निघाले, जे कधीच चुकत नाही. तपासणीपर्यंत पोहोचलेल्या ७२ पैकी ७२ जणांचे निदान ते करते. यापेक्षा चांगले यंत्र संभवतच नाही. बाकीच्या पायऱ्या जशाच्या तशा राहिल्या, तर शेवटी किती जण बरे राहतील? निदान झालेल्या ६० पैकी ३९ शेवटपर्यंत टिकत होते, म्हणजे ६५ टक्के. ७२ चे ६५ टक्के सुमारे ४७. परिपूर्ण यंत्राने ३९ चे ४७ होतात.

दुसरा पर्याय घ्या. एकही नवे यंत्र नाही, नवा रेणू नाही. फक्त पाचही पायऱ्यांवर प्रत्येकी शंभरातले ९५ पुढे जातील एवढी व्यवस्था चोख केली. ०.९५ पाच वेळा गुणा: ७७. एकीकडे ४७, दुसरीकडे ७७. हे गणित शाळकरी आहे, आणि पायऱ्या एकमेकींवर अवलंबून नाहीत हे गृहीत धरणारे आहे. तरी दिशा दाखवायला पुरेसे आहे. अशाच गुणाकाराचे प्रतिमान एम. ए. पियो यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९६७ सालीच मांडले होते. मालिकेत जोडलेल्या रोधांपैकी एकच शून्यावर आणला तरी बाकीचे विजेचा प्रवाह अडवतच राहतात, हे आम्ही अकरावीच्या मुलांना शिकवतो. मात्र आरोग्याच्या बातम्या वाचताना ते विसरतो.

यावर नेहमी येणारे उत्तर असे: 'तुम्ही म्हणता ते खरे असेल, पण ते प्रशासन झाले, विज्ञान नव्हे.' या उत्तराचा समाचार घ्यायला झारखंडमधल्या एका चाचणीचे उदाहरण पुरेसे आहे. तिचे महत्त्व कळण्यासाठी आधी चेन्नईला जावे लागेल.

१९५० च्या दशकात क्षयाचा उपचार म्हणजे आरोग्यधाम. पाचगणी, मिरज, औंध ही नावे आपल्या आजी-आजोबांच्या पिढीला याच संदर्भात ठाऊक होती: स्वच्छ हवा, विश्रांती, दूध-अंडी, महिनोन्‌महिने मुक्काम. देशातले रुग्ण लाखोंनी आणि खाटा काही हजार. चेन्नईच्या केंद्रात वॉलेस फॉक्स आणि सहकाऱ्यांनी सुमारे दोनशे रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट पाडले. एका गटाला आरोग्यधामात ठेवले, दुसऱ्याला शहरातल्या दाटीवाटीच्या घरातच औषधे दिली. १९५९ साली निकाल प्रसिद्ध झाला: औषधे नियमित घेतली तर घरी राहूनही रुग्ण जवळपास तितकेच बरे होतात, आणि घरच्यांना त्यामुळे वेगळा मोठा धोका होत नाही. या एका चाचणीने जगभरची आरोग्यधामे ओस पडली. विसाव्या शतकातल्या वैद्यकातला हा थोर प्रयोग आपल्या मातीत झाला.

पण त्याच निकालाचे एक अर्धवट वाचन पुढे दशकानुदशके टिकले. घरच्या गटाचा आहार निकृष्ट होता, तरी ते बरे झाले; मग आहाराला महत्त्व नाही, गोळ्या पुरेत, असा अर्थ काढला गेला. थुंकीतले जंतू नाहीसे होणे ही एक गोष्ट. रुग्ण जगणे, कामावर परतणे आणि त्याच्या घरातल्यांना रोग न होणे या वेगळ्या गोष्टी. पहिलीचे उत्तर बाकीच्यांनाही लागू केले गेले.

मंगळूरच्या येनेपोया वैद्यकीय महाविद्यालयातले अनुराग भार्गव आणि माधवी भार्गव यांनी हा गैरसमज प्रयोगाने तपासला. झारखंडच्या चार जिल्ह्यांत २,८०० रुग्ण आणि त्यांच्या घरातल्या १०,३४५ व्यक्ती. रुग्णांना सगळ्यांनाच दरमहा शिधा दिला. घरातल्या माणसांसाठी मात्र काही विभागांत शिधा होता आणि काहींत नव्हता. कोणत्या विभागाला काय, हे यादृच्छिक पद्धतीने ठरवले. शिधा कसला? माणशी महिन्याला पाच किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ, शिवाय जीवनसत्त्वांच्या गोळ्या. ऑगस्ट २०२३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आला: शिधा मिळालेल्या घरांत क्षयाचे नवे रुग्ण ३९ टक्क्यांनी कमी झाले, आणि फुप्फुसाच्या संसर्गजन्य क्षयाचे ४८ टक्क्यांनी. स्वतः रुग्णांमध्ये, ज्यांचे वजन पहिल्या दोन महिन्यांत पाच टक्के वाढले, त्यांच्यात मृत्यूचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी कमी आढळला.

एखाद्या लसीने प्रौढांमधला क्षय ४८ टक्क्यांनी कमी केला असता, तर शास्त्रज्ञांची छायाचित्रे पहिल्या पानावर आली असती, आणि ते योग्यच झाले असते. इथे नियंत्रित गट होता, यादृच्छिक विभागणी होती, हजारोंचा नमुना होता, जगातल्या आघाडीच्या नियतकालिकाची कसोटी होती. विज्ञान ठरायला आणखी काय लागते? उणे एकच होते: शोधलेली वस्तू तांदूळ आणि डाळ होती. तिला एकस्व मिळत नाही, तिच्या उद्‌घाटनाला फीत कापता येत नाही.

आणि पुढे झाले काय? रुग्णाला पोषणासाठी २०१८ पासून मिळणारे महिना ५०० रुपये नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. स्वागतार्ह. रुग्णाच्या घरातल्या माणसांना शिधा देण्याची गोष्ट मात्र 'निक्षय मित्र' योजनेत, म्हणजे दात्यांच्या इच्छेवर सोपवली गेली. लस सापडली असती तर ती दानशूर व्यक्ती आणि कंपन्यांच्या सौजन्याने, जमेल तशी टोचू, असे आपण म्हटले असते का? ज्या गोष्टीची परिणामकारकता चाचणीने सिद्ध झाली आहे, तिला देणगीच्या रांगेत उभे करण्याची मुभा आपल्याला 'हे विज्ञान नव्हे' या समजुतीनेच दिली.

औषधांची कथा याहून निराळी नाही. बेडाक्विलिन हे क्षयावरचे चाळीस वर्षांतले पहिले नव्या जातीचे औषध. अमेरिकेत डिसेंबर २०१२ मध्ये मान्यता मिळाली. त्याच वर्षाच्या आरंभी मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉ. झरीर उदवाडिया यांनी वर्णन केलेल्या, कोणत्याच औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाने जग हादरले होते. म्हणजे गरज मुंबईत होती, रेणू तयार होता. तरीही भारतात ते औषध २०१६ साली, आणि तेही मोजक्या सहा केंद्रांवर सुरू झाले. एका मुलीच्या वडिलांना ते मिळवण्यासाठी दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले. पुढे मूळ एकस्वाची मुदत जुलै २०२३ मध्ये संपत आली, तेव्हा जॉन्सन अँड जॉन्सनने त्याच औषधाच्या क्षाररूपासाठी नवे एकस्व मागितले होते. त्याला हरकत घेणाऱ्या होत्या मुंबईच्या नंदिता व्यंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले. दोघींनीही क्षयावर मात केलेली, आणि जुन्या विषारी इंजेक्शनांनी दोघींचीही श्रवणशक्ती गेलेली. मार्च २०२३ मध्ये, क्षयरोग दिनाच्या आदल्या दिवशी, भारतीय एकस्व कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. भारतीय कंपन्यांना औषध बनवण्याची वाट मोकळी झाली, आणि जागतिक खरेदीतली किंमत त्याच वर्षी निम्म्याहून खाली आली. सप्टेंबर २०२४ मध्ये आरोग्य मंत्रालयाने बेडाक्विलिनसह चार औषधांचा सहा महिन्यांचा उपचारक्रम मंजूर केला. पूर्वी याच रोगाला वीस महिन्यांपर्यंत लागत. या सहा महिन्यांच्या बातम्या विज्ञानाच्या पानावर आल्या. दोन तरुणींच्या हरकतीची बातमी बहुधा व्यापाराच्या पानावर आली. रुग्णाच्या दृष्टीने ती एकच बातमी होती.

आणि औषध मंजूर असणे म्हणजे औषध असणेही नव्हे. मार्च २०२४ मध्ये साध्या क्षयाच्या नेहमीच्या गोळ्यांचा पुरवठा विस्कळीत झाला आणि केंद्राला राज्यांना सांगावे लागले, की तीन महिन्यांपुरती खरेदी स्थानिक पातळीवर करा. अर्धवट थांबलेला उपचार जंतूला औषध पचवायला शिकवतो. म्हणजे गोदामातल्या तुटीतूनच पुढच्या प्रयोगशाळेचा प्रश्न जन्मतो.

दीर्घकालीन आजारांतही हेच दिसते. मामांच्या रक्तातली साखर हा योगायोग नव्हता. मधुमेहाने क्षयाचा धोका दुप्पट-तिप्पट होतो, आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत. इलेक्ट्रॉनिक सिटीतून जाणाऱ्या मेट्रोच्या एका स्थानकाच्या नावातच बायोकॉन ही इन्शुलिन बनवणारी कंपनी आहे. ज्या इन्शुलिनचे एकस्व १९२३ साली संशोधकांनी टोरंटो विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकले, ते आज आमच्या परिसरात यीस्टच्या पेशींकडून घडवून घेतले जाते. हा जैवतंत्रज्ञानाचा खराखुरा विजय आहे. आणि त्याच रस्त्यावर रात्रपाळी करणाऱ्या माणसाला साखर तपासा असे कोणी सांगितलेले नव्हते. दोन्ही वाक्ये खरी आहेत. आपण एकाचीच बातमी करतो.

याउलट काय करता येते, हे पाहायला लांब जायला नको. नोव्हेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्चरक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या पहिल्या जिल्ह्यांत महाराष्ट्रातले सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा होते. नवे औषध एकही नाही. ठरावीक स्वस्त औषधांचा एकच क्रम, उपकेंद्रापर्यंत महिन्याभराचा साठा, प्रत्येक रुग्णाची नोंद, आणि न आलेल्याला फोन किंवा भेट. २०२२ साली संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार या उपक्रमाला मिळाला. रक्तदाब मोजणे हे भौतिकशास्त्र, गोळी हे रसायनशास्त्र. आणि दुसऱ्या महिन्याची गोळी वेळेवर हातात पडणे, हेही शास्त्रच.

प्रतिपक्षाची एक बाजू मात्र मी गांभीर्याने घेतो. २०१९ ते २०२१ मधल्या राष्ट्रीय पाहणीत असे आढळले, की क्षयाची लक्षणे असलेल्या सुमारे ६४ टक्के लोकांनी उपचारच शोधला नव्हता, आणि क्ष-किरण तपासणी केली नसती तर ४० टक्क्यांहून अधिक रुग्ण निसटले असते. म्हणजे हातात मावणाऱ्या क्ष-किरण यंत्राची गरज खरी आहे, आणि डिसेंबर २०२४ पासूनच्या शंभर दिवसांच्या मोहिमेत ती गावोगाव नेली, हे बरेच झाले. परंतु 'लोक येतच नाहीत' हा १९६३ पूर्वीचा सूर या आकड्यावरून पुन्हा लावणाऱ्यांना मी एवढेच विचारेन: रोजंदारी बुडवून गेलेला माणूस बाटली घेऊन परतला असेल, तर दुसऱ्यांदा तो का जाईल? त्याच्या शेजाऱ्याने तरी का जावे? आणि यंत्राने हुडकलेला रुग्ण साखळीच्या पुढच्या चार पायऱ्या कशा उतरणार? यंत्र पहिली पायरी रुंद करते. पुढचा जिना तोच आहे.

तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, वैद्यकीय संशोधनाची पुढची बातमी वाचाल तेव्हा टाळ्या जरूर वाजवा, पण चार प्रश्न विचारा. हे साधन साखळीतली कोणती पायरी सुधारते, आणि सर्वांत जास्त माणसे गळतात ती पायरी हीच आहे का? चाचणी कुठे झाली: मोठ्या रुग्णालयात की जिथे रुग्ण प्रथम जातो तिथे? त्याची चिप, गोळी किंवा सुई दुसऱ्या वर्षी कोण पुरवणार? आणि ते एकस्वामागे आहे का, असल्यास किती वर्षे? बातमीत ही उत्तरे नसतील तर लिहिणाऱ्याला विचारा. संशोधक स्वतः भेटला तर त्यालाही विचारा, मलाही विचारा.

आणि ज्यांना संशोधनात यायचे आहे त्यांच्यासाठी आणखी एक. गळती कुठे आणि का होते, हा प्रश्न आमच्या प्रयोगशाळेतल्या कोणत्याही प्रश्नाइतका कठीण आहे. त्याला संख्याशास्त्र लागते, प्रयोगाची काटेकोर रचना लागते, आणि तुमकूरच्या त्या दोघांसारखी, सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट खरी आहे का हे जाऊन विचारण्याची हिंमत लागते. तिथे जागा रिकाम्या आहेत, आणि हुशार मुले अजून तिकडे फिरकत नाहीत.

मामांच्या दोन्ही मुलांची आणि पत्नीची तपासणी झाली. तिघेही आज निरोगी आहेत. त्यांच्या घरी डाळ-तांदूळ पोहोचवण्याचे काम इमारतीतल्या आम्ही काही जणांनी वाटून घेतले आहे. ते केल्याचे समाधान वाटत नाही. एका प्रयोगाने सिद्ध केलेला उपाय एका कुटुंबाला मिळावा, यासाठी त्यांच्या फाटकावरून कोणी मराठी बोलणारा जावा लागतो, ही व्यवस्था नव्हे.